जखम, दावा आणि किंमत : चित्रकथापटांतील नायक आणि खलनायक

१

कॉमिक्सवर आधारलेल्या चित्रपटांत सुष्ट आणि दुष्ट यांची विभागणी आधीच ठरलेली असते, त्यामुळे प्रेक्षकाला नैतिक विचार करण्याचे कारणच उरत नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. बरेचसे चित्रपट या आक्षेपाला पात्र आहेत, हे नाकारता येणार नाही. परंतु या प्रकारातील महत्त्वाच्या कृती पाहिल्या, तर नायक आणि खलनायक यांच्या मुळाशी पुष्कळदा एकाच जातीची जखम असल्याचे दिसते. मग एकाला नायक आणि दुसऱ्याला खलनायक कशाच्या आधारे म्हणायचे? हा प्रश्न केवळ चित्रपटांपुरता नाही. अन्याय सोसलेल्या माणसाच्या नैतिक अधिकाराचा तो प्रश्न आहे.

भारतीय नाट्यविचाराला तो अपरिचित नाही. 'दशरूपक'कार धनंजयाने धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे नायकाचे चार प्रकार सांगितले आणि प्रतिनायकाचे वर्णन करतानाही 'धीरोद्धत' हेच विशेषण योजले. म्हणजे प्रतिनायक हा नायकाहून सर्वस्वी भिन्न जातीचा नव्हे. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'ने (१९६७) कर्णाला अवमानित नायकाचे स्थान दिले. त्याच वर्षीच्या 'युगान्त'मध्ये इरावती कर्वे यांनी त्याच्याकडे कितीतरी कठोर नजरेने पाहिले. अवमान झाला म्हणून माणसाच्या कृतीचे मूल्यमापन बदलावे काय, हाच या दोन दृष्टींमधील वाद होय.

२

सुपरमॅन हा मुळात निर्वासित आहे. स्थलांतरित ज्यू कुटुंबांत वाढलेल्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांची ही निर्मिती १९३८ साली प्रसिद्ध झाली. क्रिप्टॉन हा त्याचा ग्रह नष्ट झाला आहे; त्याला परत जायला गाव नाही. परक्या भूमीत तो आपले नाव, आपली शक्ती आणि आपले दुःख झाकून राहतो. रिचर्ड डॉनर यांच्या १९७८ च्या चित्रपटात प्रिय व्यक्तीच्या मृत्यूनंतर तो पृथ्वीभोवती उलटे उड्डाण करून काळ मागे नेतो. विस्थापिताच्या मनातील सर्वांत खोल इच्छेचेच हे चित्र आहे. फक्त ती इच्छा आपल्या हरवलेल्या ग्रहासाठी त्याला कधीच पुरी करता येत नाही.

याच्या समोर मॅग्नेटो ठेवून पाहावा. ब्रायन सिंगर यांच्या 'एक्स-मेन' (२०००) या चित्रपटाचा आरंभ १९४४ च्या पोलंडमधील छळछावणीच्या दाराशी होतो. आईबापांपासून तोडला जाणारा एक मुलगा लोखंडी फाटक केवळ मनोबलाने वाकवतो. पुढे हाच मुलगा खलनायक होतो. उत्परिवर्तितांची नोंदणी करणारा कायदा येऊ घातला असता, यादीपासून छावणीपर्यंतचे अंतर किती थोडे असते, हे तो जाणतो. त्याचे निदान चुकीचे आहे, असे चित्रपटही म्हणत नाही. तो खलनायक ठरतो तो उपायामुळे. आपल्या यंत्रासाठी तो रोग या तरुण मुलीचा बळी द्यायला निघतो. तुझे ध्येय इतके थोर आहे, तर तिच्या जागी तू स्वतः का नाहीस, या आशयाचा वूल्व्हरिनचा प्रश्न या चित्रपटाचा नैतिक केंद्रबिंदू आहे. छावणीने ज्याचे बालपण हिरावले, तोच दुसऱ्या एका कोवळ्या जिवाला साधन बनवतो.

यावरून एक निकष हाती येतो. नायक आणि खलनायक यांतील भेद जखमेत नसतो, दाव्याच्या खरेपणातही नसतो. झालेल्या हानीच्या भरपाईची किंमत कोणाकडून वसूल केली जाते, यात तो असतो. 'ब्लॅक पँथर'मधील (२०१८) किलमाँगर हा या निकषाचा दुसरा पुरावा म्हणता येईल. शेवटी टी'चाला त्याचा पराभव करतो, पण वाकांडाची दारे जगासाठी उघडून त्याच्या दाव्याचा एक भाग मान्यही करतो.

३

मात्र हा निकष पडद्याबाहेर तपासला, तर या चित्रप्रकाराची एक मर्यादा उघड होते. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर हे शहर अक्षरशः छावणीतून निर्माण झाले. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. आजही तेथील माणूस आपला पत्ता 'कॅम्प २' आणि बॅरकचा क्रमांक असाच सांगतो. क्रिप्टॉन नष्ट झाला होता. सिंध जागेवर होता, पण तेथे परतता येत नव्हते. या माणसांनी ना काळ उलटा फिरवला, ना जगाचा सूड घेतला. त्यांनी दुकाने थाटली, शिलाईयंत्रे चालवली, शाळा-महाविद्यालये उभारली. भरपाईचे हे काम हजारो हातांनी, उधारीच्या वह्यांतून आणि रोजच्या घासाघिशीतून झाले. ते पडद्यावर येत नाही, कारण त्याला एकच एक चेहरा नाही. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, या जुन्या विनोदात मात्र नकली मालाच्या निमित्ताने सगळ्या शहरालाच एक चेहरा देण्यात आला, तोही लबाडाचा.

अर्थात या तिसऱ्या माणसाला निर्दोष ठरवून टाकणे हाही भाबडेपणाच होईल. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचे रंगीत पाणी वर्षानुवर्षे वालधुनीत मिसळत गेले. येथेही भरपाईची किंमत कोणीतरी मोजलीच : नदीने, आणि तिच्या काठावरच्या, पुष्कळदा अधिक गरीब, वस्तीने. ती वसूल करणारा मॅग्नेटो मात्र शोधून सापडत नाही. पोट भरणारी अनेक माणसे आणि डोळेझाक करणारी व्यवस्था, एवढेच दिसते. खलनायकावाचूनचे अहित कसे दाखवायचे, हे चित्रकथापटाला उमगलेले नाही. अपार शक्ती असूनही सुपरमॅनला खाजगी मालमत्तेवरील हल्ल्यापलीकडचे दुष्टत्व दिसत नाही, असे उंबर्तो एको यांनी १९६२ सालच्या निबंधात दाखवून दिले होते; त्याचे मर्म येथे पटते.

४

या मर्यादेचा परिणाम पडद्यापुरता राहत नाही. व्यवस्था बदलण्याचा दावा बहुधा खलनायकाच्याच तोंडी घातला जातो. त्यामुळे त्याच्या पराभवाबरोबर दावाही पराभूत झाल्याचे समाधान प्रेक्षकाला मिळते. 'ब्लॅक पँथर' हा अपवाद, म्हणूनच तो मोलाचा. विस्थापिताकडे पाहण्याची समाजाची दृष्टीही याच साच्यात घडते. त्याने आपले दुःख गिळून आपल्याला वाचवावे, नाही तर त्याचे भय बाळगावे, एवढे दोनच पर्याय तिला सुचतात. सुपरमॅन होण्याची अट घालून दिलेला आश्रय हा आश्रय नव्हे. न्याय मागण्यासाठी कोणालाही आधी संत व्हावे लागू नये. मात्र न्याय मागणाऱ्यानेही त्याचे देणे आपल्याहून दुबळ्याच्या माथी मारू नये. नायक कोण, हे ठरवण्यापूर्वी किंमत कोणी मोजली, हे विचारण्याची सवय समीक्षेने लावून घेतली, तर या 'बालिश' चित्रपटांचे वाचनही प्रौढ होऊ शकेल.