खांबावरचे दिवे आणि शब्बाथची विश्रांती

फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत जाणारी लांब खासगी वाट उजळण्यासाठी दिव्यांची रांग बसवणे हे वरवर पाहता वायरमनचे काम असले, तरी धर्मनिष्ठ यहुदी कुटुंबाच्या बाबतीत जमिनीत केबल पुरण्यापूर्वीच धर्मशास्त्राचा एक बिकट प्रश्न उभा राहतो. शब्बाथ म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी सुरू होऊन शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत पाळावयाचा विश्रांतीचा दिवस. या काळात अग्नी पेटवू नये, अशी आज्ञा ‘निर्गम’ या ग्रंथाच्या 35व्या अध्यायात आहे, आणि इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या धर्मविधींच्या संग्रहात वर्ज्य कर्मांचे जे 39 प्रकार मोजले आहेत, त्यांत पेटवणे व विझवणे या दोहोंचाही समावेश होतो. वाहन चालवणेही वर्ज्य असल्याने ती लांब वाट त्या दिवशी पायीच चालावी लागते, आणि हल्ली खांबाखांबावर बसवले जाणारे सेन्सर तर चालत्या देहाची उष्णता टिपूनच दिवा लावतात. सिनेगॉगमधून, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळातून, रात्री परतणाऱ्या माणसाने बोटही उचललेले नसते. पण तो एका खांबाच्या टप्प्यात शिरला की आतला रिले जोडला जातो, दिवा लागतो, आणि पुढच्या खांबापाशी तेच पुन्हा घडते. तो दिवा कोणी लावला, हा येथील खरा प्रश्न आहे.

वीज म्हणजे अग्नीच काय, या उपप्रश्नावर 20व्या शतकात पुष्कळ खल झाला. तापून लाल झालेल्या धातूला मध्ययुगीन शास्त्रकार मैमोनिडीस याने अग्नीतच गणले असल्यामुळे तारेच्या जुन्या बल्बची अडचण उघड होती, परंतु एलईडीमध्ये अशी तापलेली तार नसते. ‘हझोन इश’ या नावाने ओळखले जाणारे रब्बी, म्हणजे यहुदी धर्मपंडित, अव्राहम कारेलित्झ यांच्या मते सर्किट पूर्ण करणे हेच ‘बांधणे’ या वर्ज्य कर्मात मोडते; रब्बी श्लोमो झल्मान आउअरबाख यांना हा तर्क पटला नाही, तरी रूढ झालेला निषेध त्यांनी कायम ठेवला. निष्कर्ष एकच निघत असल्याने या वादात अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

खरी कसोटी कर्त्याच्या हेतूची आहे. बाक ओढत नेताना मातीत चर पडला तर दोष लागतो का, यावर ‘तालमूद’ या मिश्नावरील चर्चांच्या ग्रंथात दोन मते नोंदलेली आहेत: रब्बी येहुदा तसे ओढण्यास मनाई करतात, तर रब्बी शिमोन चर पाडण्याचा हेतू नसेल तर मोकळीक देतात. परंतु परिणाम अटळ असेल तर ‘हेतू नव्हता’ हे म्हणणे शिमोन यांच्या पक्षातही टिकत नाही. कोंबडीची मान कापायची आणि ती मरू नये असेही म्हणायचे, हे कसे चालेल, असा त्यामागील युक्तिवाद असून अशा परिणामाला ‘पसिक रेशा’ म्हणतात. पतंजलीच्या महाभाष्यात मांसाची इच्छा असणारा माणूस खवले आणि काट्यांसकट मासा आणतो, असा जो दृष्टांत आहे, तोही अशाच अपरिहार्य सोबतीचा आहे. भेद एवढाच की महाभाष्यातल्या माणसाला खवले नको असतात, तर वाटेवरच्या यजमानाला उजेड हवाच असतो. शेजाऱ्याच्या फाटकावरून जाताना लागलेल्या दिव्यासाठी वाटसरूला सवलत देणारे रब्बी पुष्कळ सापडतात, कारण त्याला त्या दिव्याची गरजही नसते आणि तो त्याने बसवलेलाही नसतो. ज्याने स्वतःच्या पायाखालची वाट दिसावी म्हणूनच सेन्सर बसवून घेतला, त्याला ती सवलत मागण्याचा नैतिक अधिकार फारसा उरत नाही.

मग टायमरचे काय? शुक्रवारी दुपारी वेळ लावून ठेवायची आणि रात्री दिवे आपोआप लागायचे, ही निव्वळ पळवाट आहे, असा आक्षेप बाहेरून नेहमी घेतला जातो. त्या आक्षेपामागचा प्रश्न विजेपेक्षा जवळजवळ दोन हजार वर्षांनी जुना आहे. शुक्रवारी उजेड असताना कापड रंगात भिजत घालावे काय, पशुपक्ष्यांसाठी सापळे मांडून ठेवावेत काय, बागेच्या पाटाला पाणी सोडून ते दुसऱ्या दिवशी वाहू द्यावे काय, या प्रश्नांवर प्राचीन यहुदी शास्त्रकारांच्या दोन संप्रदायांपैकी शम्मायच्या संप्रदायाने मनाई केली आणि हिल्लेलच्या संप्रदायाने परवानगी दिली. शम्मायपक्षाच्या भूमिकेचा एक अर्थ असा लावला जातो की माणसाप्रमाणे त्याच्या अवजारांनीही विसावले पाहिजे. बैल आणि गाढव यांच्या विश्रांतीची आज्ञा स्वतंत्रपणे दिलेली आहेच. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाला ‘शनवार तेली’ हे नाव पडले ते याच आचारामुळे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. बैल थकतो, तांब्याची तार थकत नाही. म्हणून बैलाचा न्याय तारेला लावू नये, हा हिल्लेलपक्षाचा निर्णय योग्यच म्हणावा लागेल, आणि धर्मशास्त्रात पुढे तोच रूढ झाला. मात्र या सवलतीला सीमा आहे. अमेरिकेतील थोर धर्मशास्त्रज्ञ रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी दिव्यांसाठी टायमर मान्य केला, पण इतर घरकामे त्याच्यावर सोपवल्यास शब्बाथची अप्रतिष्ठा होईल, असे बजावले.

या विवेचनावरून जबाबदारीचा क्षण चालण्याच्या वेळेचा नसून वायरिंग ठरवण्याच्या वेळेचा आहे, हे दिसून येते. सर्वांत निर्दोष रचना फोटोसेलची, कारण त्यात दिवा मावळतीला लागतो व उजाडताच विझतो आणि कोणी चालो वा न चालो, त्याला फरक पडत नाही. तिची किंमत मोजावी लागते हेही खरे: सगळे दिवे एकाच वेळी रात्रभर जळत असल्याने तारेवरचा भार वाढतो, लांब अंतरात व्होल्टेज घटून शेवटचा दिवा मंद पडू नये म्हणून जाड केबल घ्यावी लागते, आणि 12 व्होल्टच्या दिव्यांत तर हा दोष अधिकच जाणवतो. सेन्सर हवेच असतील, तर त्यांना पूर्णपणे बाजूला काढणारा स्विच मुख्य बोर्डावर असावा आणि तो शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी फिरवलेला असावा. यजमानाने वायरमनला हे चर खणण्याआधीच सांगावे. केबल पुरून झाल्यावर रब्बीकडे विचारणा करण्यात अर्थ नाही.