अवधानाची पाळी

एकाच माणसाने एकाच मेजावर बसून दोन, तीन किंवा चार संगणक चालवावेत ही गोष्ट आता कोणाला नवलाची वाटत नाही. कचेरीने दिलेला संगणक वेगळा, घरचा खाजगी वेगळा आणि एखाद्या विशेष कामासाठी राखून ठेवलेला तिसरा वेगळा, अशी यंत्रांची संख्या वाढत जाते. परंतु माणसाला हात दोनच आणि मेजावर जागाही मोजकीच, म्हणून एकच कळफलक, एकच माऊस आणि एकच मॉनिटर या सर्व यंत्रांत सामाईक ठेवण्याची युक्ती निघाली. तिचे सर्वांत सरळ रूप म्हणजे केव्हीएम स्विच या नावाची पेटी. तिच्या एका बाजूला कळफलक, माऊस आणि मॉनिटर जोडलेले असतात, दुसऱ्या बाजूने प्रत्येक संगणकाकडे वायरी गेलेल्या असतात, दर्शनी भागावर एक बटण असते आणि ज्या संगणकाकडे त्या वेळी ताबा असेल त्याच्या क्रमांकापाशी एक बारीक दिवा जळत असतो. बटण दाबले, किंवा कित्येक पेट्यांत ‘स्क्रोल लॉक’ ही कळ लागोपाठ दोनदा दाबली, की मॉनिटर क्षणभर काळा पडतो आणि मग त्यावर दुसऱ्याच संगणकाचे दृश्य उमटते. दुसऱ्या एका पद्धतीत पेटीचीही गरज उरत नाही. ‘सिनर्जी’ किंवा मायक्रोसॉफ्टचा ‘माऊस विदाउट बॉर्डर्स’ यांसारखे प्रोग्रॅम वापरले, तर प्रत्येक संगणकाचा पडदा ज्याचा त्याच्याकडे राहतो, परंतु माऊसचा बाण एका पडद्याच्या उजव्या कडेतून निघून शेजारच्या पडद्याच्या डाव्या कडेतून आत शिरतो, आणि कळफलकावर उमटवलेली अक्षरेही नेटवर्कवरून त्याच्या मागोमाग तिकडे जातात.

या व्यवस्थेची उपयुक्तता वादातीत आहे. तिच्यामुळे जो तात्त्विक प्रश्न उभा राहतो तो मात्र जुना आहे आणि तितकाच गंभीर आहे. एक कर्ता आणि अनेक क्षेत्रे असा प्रसंग आला असता कर्त्याचे अवधान विभागले जाते काय? आणि विभागले जात नसेल, तर ज्या क्षेत्रांकडे त्या क्षणी त्याची पाठ आहे त्यांच्याशी त्याचे नाते कोणत्या प्रकारचे असते?

प्रथम वस्तुस्थिती नीट पाहिली पाहिजे. आपण या साधनांना सामाईक म्हणतो खरे, परंतु दाबलेली प्रत्येक कळ कोणत्या तरी एकाच संगणकाकडे जाते. तिचा अर्धा अंश इकडे आणि अर्धा तिकडे असे कधीही घडत नाही. आपल्याकडे भावाभावांत सामाईक विहीर असते, तिचे हिस्से कागदोपत्री नोंदलेले असतात आणि वहिवाटीने प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. ज्याची पाळी असेल त्याच्या शेताकडे पाटाचे सगळे पाणी वळते आणि पाळी संपली की दारे मोडून ते दुसऱ्याच्या शेतात घातले जाते. सामाईकपणाचा अर्थ तेथे पाळीपुरती पूर्ण मालकी असाच आहे. पाटाचे पाणी एकाच वेळी चारही शेतांत सोडले तर एकही वाफा धड भिजत नाही, आणि ज्यांनी अनेक पडद्यांसमोर बसून काम केले आहे त्यांना या गोष्टीचा दाखला वेगळा द्यायला नको: डोळे एका पडद्यावर, चित्त दुसऱ्या यंत्रावरील अपुऱ्या पत्रात, आणि माऊसचा बाण राहिला आहे तिसऱ्याच संगणकाच्या हद्दीत, अशा अवस्थेत गुप्त परवलीचा शब्द भलत्याच ठिकाणी उघड्या अक्षरांत उमटतो.

हे असे का होते, याचे उत्तर नैयायिकांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत मनाच्या अस्तित्वाची खूण म्हणून जी गोष्ट सांगितली आहे ती हीच, की एकाच क्षणी अनेक ज्ञाने उत्पन्न होत नाहीत. डोळा, कान, नाक आपापल्या विषयांना एकाच वेळी भिडलेले असले तरी आत्म्यापर्यंत एका वेळी एकाचीच वार्ता पोहोचते. अर्थात मध्ये अणुप्रमाण असे एक अंतःकरण असले पाहिजे, की ते ज्या इंद्रियाशी संयुक्त होईल त्याचाच विषय प्रकाशित व्हावा. मग आपल्याला अनेक गोष्टी एकदम जाणवल्यासारख्या का वाटतात? यावर न्यायपरंपरेचे उत्तर असे, की एकावर एक रचलेली कमळाची शंभर पाने सुईने विंधली असता ती एकाच क्षणी विंधली गेली असे वाटते, परंतु सुई प्रत्येक पानातून क्रमानेच गेलेली असते. क्रम आहेच, शीघ्रतेमुळे तो दिसत नाही इतकेच. मनाचे अणुत्व सर्व दर्शनांना मान्य नाही हे खरे, तथापि अनुभवाची जी बाजू नैयायिकांनी मांडली ती कोणालाही सहजासहजी नाकारता येणारी नाही.

आधुनिक संगणकशास्त्राच्या इतिहासात हाच दृष्टान्त एकदा अक्षरशः प्रत्यक्षात उतरला. संगणक अत्यंत महाग असून संस्थेत एखादाच असे, त्या काळात 1961 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अशी योजना करून दाखवली, की एकाच यंत्राने आपला काळ सूक्ष्म तुकड्यांत विभागावा आणि निरनिराळ्या टंकयंत्रांपाशी बसलेल्या अनेक माणसांची कामे पाळीपाळीने, पण इतक्या त्वरेने करावी, की यंत्र केवळ आपल्याच सेवेला हजर आहे असे प्रत्येकाला वाटावे. तेव्हा यंत्र एक होते आणि माणसे अनेक होती. आज आमच्या मेजावर माणूस एक आहे आणि यंत्रे अनेक आहेत. परंतु या उलटापालटीत एक गोष्ट उलटली नाही, ती म्हणजे वेग. यंत्राला जी त्वरा साधते ती माणसाच्या मनाला साधत नाही. एका विषयातून उठून दुसऱ्यात स्थिर होण्यास त्याला वेळ लागतो, आणि मागच्या विषयाचा काही अंश त्याला चिकटून पुढे येतोच.

मनुष्याची ही मर्यादा ओलांडणाऱ्या अवस्थेचे चिंतनही आमच्या शास्त्रकारांनी केले आहे. योगसूत्रांच्या चौथ्या पादात निर्माणचित्तांचा विचार येतो: योगी आपल्या अस्मितेतून अनेक चित्ते निर्माण करू शकतो आणि त्या सर्वांच्या भिन्न भिन्न प्रवृत्तींचे नियंत्रण एकच मुख्य चित्त करते. ब्रह्मसूत्रांच्या शेवटच्या पादातही मुक्त पुरुष अनेक शरीरांत एकाच वेळी कसा राहू शकतो हा प्रश्न उपस्थित करून दिव्याचा दृष्टान्त दिला आहे. एका दिव्याने अनेक दिवे लागावेत आणि त्या लावण्याने मूळ ज्योत उणी होऊ नये, तसा त्याचा अनेक शरीरांतील आवेश, म्हणजे प्रवेश. या सिद्धीची कथा विष्णुपुराणात सौभरी ऋषींच्या निमित्ताने आली आहे. मान्धाता राजाच्या पन्नास कन्यांशी विवाह करून सौभरींनी प्रत्येकीसाठी स्वतंत्र प्रासाद उभारला. काही काळाने राजा मुलींचा समाचार घेण्यास गेला, तेव्हा पहिलीने सांगितले की मला येथे कशाचीही वाण नाही, पण एकच दुःख आहे. पती माझ्याजवळून कधी हलतच नाहीत, त्यामुळे माझ्या बहिणी किती कष्टी असतील! राजा दुसरीकडे गेला, तिसरीकडे गेला, आणि पन्नासही मुखांतून त्याला हेच ऐकावे लागले.

या कथेतील मर्म मला सौभरींच्या सामर्थ्यापेक्षा त्या मुलींच्या उद्गारात अधिक दिसते. प्रत्येकीला संपूर्ण सान्निध्य लाभले होते, आणि संपूर्ण सान्निध्य दुसऱ्या कोणाच्या वाट्याला जाणे अशक्य आहे अशी प्रत्येकीची सहज समजूत होती. म्हणजे ज्यांना सिद्धीचा प्रसाद मिळाला त्यांनाही प्रेमाचा नियम असाच वाटत होता, की जो माझ्याजवळ पूर्ण आहे तो अन्यत्र नाही. पुढे सौभरींनाही या विस्ताराचा वीट आला, आपल्या मनोरथांना अंत नाही हे त्यांना उमजले आणि ते घरदार सोडून वनात गेले, हा कथेचा शेवटही विसरण्याजोगा नाही.

सिद्धीची गोष्ट पुराणातली म्हणून कोणी बाजूस सारील, तर अलीकडच्या काळातील एक उदाहरण घ्यावे. श्रीमद् राजचंद्र, ज्यांना गांधीजी रायचंदभाई म्हणत, ते तरुणपणी मुंबईत शतावधानी म्हणून ख्यातीस पावले होते; 1891 साली विलायतेहून परतलेल्या गांधीजींनी त्यांना युरोपीय भाषांतील आपल्याला येत होते तेवढे शब्द ऐकवले आणि त्यांनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले, हे गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नमूद केले आहे. शतावधानात शंभर गोष्टींचे व्यवधान एकाच बैठकीत सांभाळले जाते. तरी तेथेही प्रश्न तुकड्यातुकड्यांनी, पाळीपाळीनेच विचारले जातात, आणि अवधानी पुरुषाचे वैशिष्ट्य हे, की प्रत्येक तुकडा ऐकताना तो त्या तुकड्यापाशी निःशेष असतो. आणि इतके असूनही राजचंद्रांनी ऐन तारुण्यातच हे जाहीर प्रयोग आत्मसाधनेला बाधक म्हणून सोडून दिले. ज्याला शंभर ठिकाणी लक्ष पुरवता येत होते त्याने ते एका ठिकाणी वळवण्यातच आपले श्रेय मानले, ही गोष्ट लक्षावधानाचा हव्यास धरणाऱ्या आमच्या पिढीने मनावर घ्यावी इतक्या मोलाची आहे.

आता पाठीमागे राहिलेल्या क्षेत्रांचा प्रश्न. केव्हीएम स्विचच्या पेटीच्या रचनेत एक सूक्ष्म तजवीज असते. प्रत्येक मॉनिटर आपली ओळख पटवणारा एक छोटा मजकूर संगणकाला देतो. त्याचा मूळ भाग 128 बाइटांचा असतो, आणि आपण कोण, आपल्यावर किती सूक्ष्म चित्र उमटू शकते, हे त्यात नमूद असते. पेटी साधी असली तर ताबा दुसरीकडे जाताच पहिल्या संगणकाला मॉनिटर निघून गेल्याचे कळते आणि तो आपल्यावरील खिडक्यांची मांडणी विस्कटून टाकतो. म्हणून चांगल्या प्रतीची पेटी ती ओळख स्वतःजवळ उतरवून घेते आणि मागे राहिलेल्या प्रत्येक संगणकाला अखंड दाखवत राहते, कळफलकही जोडलेलाच आहे असे त्याला भासवते; जुने काही संगणक तर कळफलकाची हजेरी लागल्यावाचून सुरूच होत नसत. अशा रीतीने जो अनुपस्थित आहे त्याच्या उपस्थितीचा आभास टिकवून ठेवला जातो.

यंत्राच्या बाबतीत यात असत्याचा दोष मला दिसत नाही, कारण यंत्राला हवी असते ती जोडणीची खातरजमा. कोणाच्या अवधानाची त्याला भूक नसते. माणसाची गोष्ट वेगळी आहे. पण हीच युक्ती आपण माणसांवर चालवू लागलो आहोत. दूरस्थ बैठकीत कॅमेऱ्यासमोर चेहरा स्थिर ठेवावा, नावापाशी हिरवा ठिपका तेवत ठेवावा, मधूनमधून मान हलवावी, आणि हातांनी दुसऱ्या संगणकावरील काम चालू ठेवावे. घरी मूल शाळेतली हकिकत सांगत असता प्रत्येक वाक्याला हुंकार द्यावा आणि दृष्टी मात्र पडद्यावर असावी. ही माणसाने माणसाला दाखवलेली 128 बाइटांची ओळख आहे. समोरच्याने मागितले होते सान्निध्य, आणि आपण त्याला सान्निध्याचा दाखला देऊन वाटेला लावले. मूल लहान असले तरी हा भेद त्याला कळतो, आणि काही दिवसांनी ते हकिकत सांगणेच सोडून देते.

यावर असा आक्षेप येईल, की संसारी माणसाची कर्तव्ये अनेक असतात, ती त्याने स्वतःहून ओढवून घेतलेली असतात असेही नाही, आणि सर्वांना पूर्ण अवधान देणे त्याच्या आटोक्यात नसते. आक्षेप यथार्थ आहे, परंतु त्याचे निरसन पाळीच्या तत्त्वातच आहे. सर्वांना सर्व काळ देणे हा आपला धर्म होऊ शकत नाही; ज्याची पाळी आहे त्याला तेवढ्या वेळेपुरते सर्वस्व देणे आणि पाळी संपली की ते स्पष्ट सांगून उठणे, हा होऊ शकतो. उठून जाण्यात अवहेलना असतेच असे नाही. ज्या संगणकाकडून आपण ताबा काढून घेतो तो आपले चालू काम आपल्यामागे करीतच असतो, आणि माणसे तर त्याहून कितीतरी समर्थ असतात; त्यांना त्यांच्या कामावर सोपवून जाण्यात विश्वास आहे. “आता मला जायचे आहे, संध्याकाळी बसू” असे सांगून गेलेला बाप मुलाला फसवीत नाही, अट इतकीच, की संध्याकाळी तो खरोखर बसला पाहिजे.

योग्याला सिद्धीने आणि यंत्राला वेगाने जे साधते ते आपल्याला साधणार नाही, याची खंत करण्याचे कारण नाही. मनाला एका वेळी एकच स्थान आहे म्हणूनच त्याच्या दानाला मोल आहे. जे सर्वत्र सारखेच उपलब्ध असते त्याने कोणाचा सन्मान होत नाही, आणि एकाकडे वळताना आपण बाकी सर्व काही बाजूला ठेवले आहे, हीच माणसाला माणसाकडून मिळू शकणारी सर्वांत मोठी कबुली आहे. मेजावर किती यंत्रे असावीत हा सोयीचा प्रश्न आहे आणि तो ज्याने त्याने सोयीने सोडवावा. ज्याची पाळी आहे त्याला आपण पूर्ण मिळालो की नाही हा धर्माचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक वेळी आपणच द्यायचे असते.