कडी कोण वाजवणार?

सुजलेला डोळा, विस्कटलेले केस आणि खाली ‘अत्याचार सहन करू नका’. अशा पोस्टरातून मार खाणाऱ्या बाईला नवं काही कळत नाही. उद्या सकाळी कुणाकडं जायचं, हे त्यावर नसतंच.

‘ब्रेकथ्रू’ संस्थेनं २००८ मध्ये सुरू केलेली ‘बेल बजाओ’ मोहीम वेगळी ठरली, कारण ती बाईशी नाही तर शेजारच्या पुरुषाशी बोलत होती. मारहाणीचा आवाज आला की बेल वाजव, दूध माग, बस्स. धाराशिवच्या वाडीवस्तीवर बेल नसते, कडी असते. आणि कडीकडं जाणारा हात ‘नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडायचं?’ या वाक्यावर अडतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ च्या अहवालात हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानला. म्हणजे ताप-खोकल्यासारखीच तिची विचारपूस आधी व्हायला हवी. धाराशिव जिल्ह्याला हे जड जाऊ नये. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. पुढं सरकारच्या आरोग्य कार्यकर्त्या, आशाताई, आल्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडं ४२ दिवसांत आशाताईच्या सहा फेऱ्या ठरलेल्या असतात. पोलिसांना एवढ्या वेळा, तेही संशय न येता, घरात पाऊल टाकता येईल का?

अडचण बाजेशेजारी बसलेल्या सासूची. तिच्यासमोर ‘हाताला काय झालं?’ विचारलं की उत्तर ‘पाय घसरला’ हेच येणार. म्हणून आशाताईंना तक्ते देण्याआधी, बाईला एकटीला कसं गाठायचं आणि ऐकलेलं गावभर होऊ न देता कुठं पोचवायचं, हे शिकवायला हवं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या साधारण चारातल्या एका विवाहितेनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के, आणि त्यांतल्या बहुतेकींची धाव माहेरापर्यंतच.

तंटामुक्त समित्यांवर फार विसंबू नये. तंटा मिटला आणि बाई पुन्हा त्याच घरात, असा ‘समझोता’ गावांना सवयीचा आहे. त्यापेक्षा मुंबईचं ‘दिलासा’ केंद्र पाहावं. सेहत संस्था आणि महापालिकेनं ते वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात उभारलं. जखम पाहणाऱ्यांनी विचारायचं, आणि समुपदेशक त्याच इमारतीत हजर. तुळजापूर-उमरग्याच्या रुग्णालयांत ही सोय आधी करावी, मग घोषणांनी भिंती रंगवाव्यात. १८१ हा महिला मदतीचा क्रमांकही फाटकापेक्षा बायकांच्या तपासणीखोलीत लिहिलेला बरा, तिथं नवरा सोबत येत नाही.