दोन रात्री चौलच्या वाडीत



ईस्टर झाला की आपल्या वसईत लग्नांचा हंगाम सुरू होतो. दर रविवारी मिस्सेच्या शेवटी मी विवाहांच्या घोषणा वाचतो. प्रवचनाच्या वेळी पेंगणारी मंडळीही तेव्हा कान टवकारून ऐकतात, हे मला वेदीवरून दिसते. कोणाची मुलगी कोणत्या गावात दिली हे कळायला हवेच, त्यात काही वावगे नाही. पण या घोषणा लग्नाच्या आधीच्या असतात. लग्नाला वीस-पंचवीस वर्षे झाल्यावर त्या घरात काय चालले आहे, याची घोषणा कोणी करीत नाही. आज त्याविषयी थोडे लिहायचे आहे.

पुनरुत्थानकाळात आपण अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांचा वृत्तान्त ऐकतो (लूक २४:१३-३५). यरुशलेमपासून अम्माऊस साठ स्टेडिया, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. रमतगमत पायी गेले तर अडीच-तीन तासांची वाट. त्या दोघांपैकी एकाचे नाव क्लयपा होते, असे लूक सांगतो. दुसऱ्याचे नाव तो सांगतच नाही. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र क्रुसाजवळ उभ्या असलेल्या स्त्रियांमध्ये क्लोपाची मरिया आहे (१९:२५). ही दोन नावे एकाच माणसाची असावीत आणि वाटेवरचा तो निनावी शिष्य म्हणजे त्याची पत्नी असावी, असे काही बायबल अभ्यासकांना वाटते. ही काही श्रद्धेची बाब नाही. चर्चने तसे कधी ठरवून सांगितलेले नाही. पण मला हा विचार फार आवडतो. नवराबायको आहेत, मोठे दुःख पदरात आहे, शहर मागे टाकून दोघे गावाकडे निघाले आहेत आणि वाटेत त्याच एका विषयावर बोलत आहेत. प्रभू त्यांना गाठतो तो ते बोलत असतानाच, आणि पहिला प्रश्नही हाच विचारतो की चालता चालता तुमचे काय बोलणे चालले आहे?

हा प्रश्न त्याने आपल्याला विचारला तर?

आपल्याकडे नवराबायकोने दोघांनीच दोन दिवस कुठे जाणे म्हणजे चैन समजली जाते. शनिवारी अर्नाळा, राजोडी, कळंबच्या रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग लागली की आपण नाक मुरडतो, ‘यांना काही कामधंदा दिसत नाही.’ आपण स्वतः जातो ते वेलंकनीला किंवा जुन्या गोव्याला, तेही पन्नास जणांच्या बसमधून. पुरुष पुढे, बायका मागे. रोजरी एकत्र होते, जेवण पंगतीत होते आणि घरी परतेपर्यंत नवराबायकोचे एकमेकांशी बोलणे होते ते एवढेच: ‘पाण्याची बाटली कुठे ठेवलीस?’ यात्रा कराव्यात, मी स्वतः नेतो. परंतु ती यात्रा आणि ही सुट्टी एक नव्हे.

बायबलला ही सुट्टी परकी नाही. अनुवादाच्या पुस्तकात (२४:५) नियम आहे की नव्याने लग्न झालेल्या पुरुषाला एक वर्ष लढाईवर पाठवू नये. त्याने घरी राहून बायकोला सुखी करावे. गीतरत्नाच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी तर वधूच वराला बोलावते: चल, आपण शिवारात जाऊ, खेड्यात मुक्काम करू, पहाटे उठून द्राक्षमळ्यात जाऊ, वेलीला कळी आली का, डाळिंब फुलले का ते पाहू. विवाहाच्या मिस्सेत वाचण्यासाठी चर्चने गीतरत्नातला उतारा दिला आहे, पण तो दुसऱ्या आणि आठव्या अध्यायांतला. हा नाही. कदाचित लग्नाच्या दिवशी याची गरज नसते. याची गरज पुढे पडते.

प्रभूनेही आपल्या प्रेषितांना जेवायला सवड मिळेना हे पाहून एकान्तात येऊन विसावा घ्यायला सांगितले. मार्कच्या सहाव्या अध्यायात ते सापडेल. लोक किनाऱ्याने धावत त्यांच्या आधी तिथे पोहोचले, म्हणजे प्रेषितांना विसावा मिळाला तो होडीत होते तेवढाच.

आता एका जोडप्याची हकिकत सांगतो. दोघे माझ्या पूर्वीच्या धर्मग्रामातले. दोघांना विचारून, त्यांच्या संमतीने लिहीत आहे. ते कोण असतील याचा शोध घेत बसू नये, ही विनंती.

त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली. हॉल, बँड, केटरर असा घाट मुलीने घातला होता, पण आईने ‘नको’ म्हणून सांगितले. तेव्हा मुलीने परस्पर मोबाइलवरून दोन रात्रींचे बुकिंग केले, चौलला, एका नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घरगुती मुक्कामात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीचे तिकीटही काढले. २०२० पासून ही बोट गाडीसकट नेते आणि तासाभरात पलीकडे उतरवते. आईने बाहेरचे काय मिळेल न मिळेल म्हणून सुकट आणि लोणचे बरोबर बांधले. वडिलांनी चार्जर घेतला.

शनिवारी संध्याकाळी दोघे पोहोचले. खोलीत टीव्ही नव्हता. मोबाइलला रेंज अंगणातल्या एका कोपऱ्यापुरतीच. जेवण झाले, मुलांचे विषय निघाले, नऊ वाजता संपले. ‘फादर,’ नवरा मला म्हणाला, ‘नऊनंतर काय बोलायचं ते मला सुचेना. पंचवीस वर्षांत असं कधी वाटलं नव्हतं, कारण नऊ वाजता आमच्याकडे बातम्या असतात.’

रविवारी दोघे कोर्लईला मिस्सेला गेले. चौलहून रेवदंडा आणि तिथून कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई येते. समुद्रात घुसलेल्या डोंगरावर किल्ला, खाली दीपगृह, आणि गावात कार्मेल मातेचे चर्च. वसईच्या माणसाने हे गाव एकदा तरी पाहावे, कारण आपला आणि त्यांचा इतिहास सख्ख्या भावंडांचा आहे. वसई १७३९ साली पोर्तुगिजांच्या हातून मराठ्यांकडे गेली आणि त्यामागोमाग १७४० साली चौलही गेले. पोर्तुगीज निघून गेले. पण कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत त्यांच्या भाषेपासून आणि मराठीपासून तयार झालेली एक बोली राहिली. तिला ते ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. ती बोलणारे आज हजारच्या आसपास असतील.

मिस्सेनंतर चर्चच्या आवारात दोन म्हाताऱ्या त्या बोलीत एकमेकींशी बोलत होत्या. आपल्या बाईंना राहवले नाही. त्यांनी जवळ जाऊन मराठीत विचारले, ‘तुमची ही भाषा इतकी वर्षं टिकली कशी?’ त्यांतली एक म्हणाली, ‘टिकवायचं काय त्यात? घरात बोलतो ना.’

पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ. राजा गेला, फौज गेली, ती शिकवणारी शाळा नाही. घरात बोलतो ना, एवढ्यावर ती भाषा जगली. आपल्या कादोडीचे आणि वाडवळीचेही तसेच आहे.

दोघे किल्ला चढून आले, दुपारी झोपले, संध्याकाळी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर बसले. बायको गप्पच होती. नवऱ्याला वाटले, दमली असेल.

सोमवारी पहाटे त्याला जाग आली तर बिछाना रिकामा. बाहेर येऊन पाहतो तो मोटार सुरू होती, विहिरीचे पाणी पाटाने पोफळींना चालले होते, आणि त्याची बायको वाडीच्या मालकिणीबरोबर चिखलात उभी राहून हाताने माती ओढत एका आळ्यातले पाणी दुसऱ्या आळ्यात वळवीत होती. पाय घोट्यापर्यंत चिखलात. तो पडवीतच थांबला. तिला असे त्याने सहा वर्षांत पाहिले नव्हते.

सहा वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची वाडी विकली गेली. केळी, अळू, थोडा मोगरा, कोपऱ्यात पानवेल. विहीर मचूळ झाली होती, कामाला माणूस मिळत नव्हता, भावांनी आपापले हिस्से आधीच बिल्डरला दिले होते, मुलाच्या शिक्षणाची फी भरायची होती. यातले एकही कारण खोटे नाही. आपल्या पट्ट्यात घरोघरी हीच कारणे आहेत. सातबाऱ्यावर बायकोचे नाव नव्हते, म्हणून तिच्या सहीची गरज पडली नाही. तिला कळले ते साठेकरार झाल्यावर, जेवताना. लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिने त्या वाडीला पाणी घातले होते. ती त्या दिवशी काही बोलली नाही. नंतरही नाही. फक्त चर्चला येताना ती गल्ली टाळून मोठ्या रस्त्याने वळसा घालून येऊ लागली. नवऱ्याला वाटायचे, मोठा रस्ता सिमेंटचा झाला म्हणून.

चौलच्या वाडीत ती हात धुऊन पडवीत आली आणि म्हणाली, ‘दुसऱ्याच्या वाडीत राहायला आपण पैसे मोजले.’

तो हसला. तिला हसू आले नाही. मग ती म्हणाली, ‘तुम्ही मला विचारलं नाहीत.’

त्याने विहिरीचे सांगायला सुरुवात केली, फीचे, भावांचे. तिने थांबवले. ‘कारणं मला ठाऊक आहेत. तुम्ही विचारलं असतं तर मीही विकायलाच सांगितलं असतं. पण विचारलं नाहीत.’

बंधू-भगिनींनो, दिवंगत पोप फ्रान्सिस कुटुंबांना तीन शब्द पुन्हा पुन्हा सांगत: विचारून घ्या, आभार माना, क्षमा मागा. २०१६ च्या ‘आमोरिस लेटिशिया’ या कुटुंबविषयक लेखनातही ते आहेत, आणि प्रेमाला वेळ लागतो, निवांत बोलायला आणि ऐकायला सवड लागते, हेही त्यात आहे. विवाहाच्या तयारीच्या वर्गात मी हे तीन शब्द अनेकदा फळ्यावर लिहिले आहेत. मुले वहीत उतरवून घेतात. पण पहिला शब्द सर्वांत अवघड आहे, हे मला या जोडप्याकडून कळले. आभार आणि क्षमा नंतरही देता येतात. विचारायचे राहून गेले की राहूनच जाते.

त्या सकाळी पुढे काय झाले ते दोघांनी मला वेगवेगळे सांगितले. ती म्हणते, ते रडले. तो म्हणतो, डोळ्यात धूर गेला, मालकीण चुलीवर घावन करीत होती. इतके मात्र दोघे सांगतात की अकराला खोली सोडायची होती, ती एकला सोडली आणि मांडव्याची बोट चुकली. पुढच्या बोटीला दोन तास होते. ते दोन तास धक्क्यावर बसून ते वाडीविषयी बोलत होते. कोणते झाड कुठे होते. विहिरीत पडलेली कळशी कोणी काढली. थोरली जन्मली त्या वर्षी मोगऱ्याचे किती झाले. सगळे कादोडीत. घरात मुलांशी आधी मराठी आणि मग इंग्रजी सुरू झाली, तेव्हापासून आपसातली कादोडीसुद्धा मागे पडली होती, हे त्यांना धक्क्यावर बसल्यावर लक्षात आले.

त्यातून सगळे मिटले असे मी म्हणणार नाही. वाडी परत येत नाही. ती अजून मोठ्या रस्त्यानेच चर्चला येते. पण तो आता तिच्याबरोबर येतो, आणि दोघे लवकर निघतात.

तुमच्यापैकी अनेकांना चौलला जाणे परवडणार नाही, पुष्कळांना सवड नाही, घरी म्हातारी माणसे असतात. मग भुईगावच्या किनाऱ्यावर जा. एक संध्याकाळ, दोघेच, मोबाइल घरी ठेवून. मुलांचे विषय संपले तरी लगेच उठू नका. शनिवार-रविवारी गावाबाहेर असाल तर जिथे असाल तिथल्या चर्चमध्ये मिस्सेला जा. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून चालते. हे सांगायला नको, तरी सांगतो.

आणि या हकिकतीत माझाही एक भाग आहे. वाडीच्या जागी इमारत उभी राहिली तेव्हा तिला आशीर्वाद द्यायला मलाच बोलावले होते. मी गेलो, पवित्र पाणी शिंपडले, प्रार्थना म्हटली, सामोसा खाल्ला आणि परतलो. मालक हजर होते. मालकीणबाई दिसत नव्हत्या. त्या कुठे आहेत हे मी विचारले नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो तेव्हा बाईंनी तो विषय काढला. ‘फादर, आशीर्वादाला तुम्हीच आला होता ना?’ मी होय म्हटले. ‘तेव्हा मी घरातच होते,’ त्या म्हणाल्या, ‘इथं, या खिडकीशी.’ मी त्यांची क्षमा मागितली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठल्या, आणि आत जाता जाता म्हणाल्या, ‘बसा, चहा ठेवते. साखर किती घालू?’