उसाच्या तालुक्यात रोजची भाकर

शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरात गळीत हंगाम सुरू झाला की सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागते. हा ऊस तोडणाऱ्यांचा मुक्काम पाचटाच्या खोपीत असतो. बाई अंधारातच भाकरी थापून फडात जाते. तान्हे मूल बांधावर झोळीत ठेवते आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. उत्तरेला सातपुडा दिसतो. तिथल्या धडगाव-अक्कलकुव्याचे नाव कुपोषणाच्या बातम्यांत वर्षानुवर्षे येत आले आहे.

याच जिल्ह्यात, नवापूर-चिंचपाड्याच्या बाजूला, आदिवासी ख्रिस्ती मंडळ्या आहेत. प्रभूने शिकवलेली रोजच्या भाकरीची प्रार्थना तिथेही होते. देव पुरवतो, यावर माझाही विश्वास आहे. मग झोळीतल्या त्या मुलाला का पुरत नाही?

परीक्षा, पापाचे फळ, परलोकातली भरपाई ही ठरलेली उत्तरे मला मान्य नाहीत. बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या दुःखाची अशीच कारणे सांगितली आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. भांडणाऱ्या ईयोबावर नाही. पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला देवाचा हेतू समजावून सांगणे हे मला पापच वाटते.

प्रभूच्या प्रार्थनेत भाकर मागायची ती 'आमची'. रानात मान्ना मिळाला तोही दिवसापुरता, आणि ज्यांनी उद्यासाठी साठवला त्यांच्याकडे त्यात किडे पडले. मोशेच्या नियमात शेताच्या कडा कापायच्या नाहीत, सरवा गरिबांसाठी सोडायचा. परक्या देशातून आलेली रूथ त्याच हक्काने बवाजाच्या शेतात शिरली. म्हणजे पुरवठा देवाचा असला, तरी तो दारापर्यंत पोचवण्याची वाट माणसांच्या शेतातून जाते आणि तिथे कुंपण घालता येते.

या तालुक्याने ते कुंपण पाहिले आहे. 1971 च्या मे महिन्यात पाटीलवाडीत धान्यावरून संघर्ष पेटला, गोळीबार झाला आणि एका भिल्लाचा जीव गेला. भुकेचे दिवस होते, पण धान्य होते. आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती आणि 1972 मध्ये उभी राहिलेली श्रमिक संघटना सालदारांच्या मजुरीसाठी, गेलेल्या जमिनींसाठी लढली, ती याच मुलखात. त्या लढ्यातले बहुतेक जण चर्चची पायरी चढले नसतील. तरी भाकरीची प्रार्थना त्यांनी आमच्यातल्या अनेकांपेक्षा गंभीरपणे घेतली, असे मला वाटते.

पण सगळा दोष माणसावर टाकून देवाला मोकळे सोडणेही मला जमत नाही. पाऊसच पडला नाही, तर कोणत्या जमीनदाराला धरायचे? पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेली. तीर्थे आणि व्रते करूनही भूक टळली नव्हती. 1883 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या, पण विश्वास आला म्हणून त्यांना भुकेचा विसर पडला नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीतून वाचलेल्या मुली घेऊन आल्या आणि त्यांना केडगावला वसवले. तिथल्या मुक्ती सदनाचा खर्च देव भागवील या भरवशावर त्या चालल्या. त्याच भरवशाने विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. त्यांच्या लेखी प्रार्थना आणि कुदळ यांत भांडण नव्हते.

तरीही ज्या मुली केडगावपर्यंत पोचल्याच नाहीत, त्यांचे काय? याचे उत्तर रमाबाईंच्या विहिरींत नाही, माझ्याकडेही नाही. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. तू कुठे आहेस, किती काळ, असे ती देवाला तोंडावर विचारतात, आणि तोही विश्वासच आहे. आमच्या उपासनेत मात्र उपकारस्तुतीची गाणीच जास्त असतात. ज्या वर्षी पाड्यावरचे मूल भुकेने जाईल, त्या वर्षी सुगीच्या सणालाही विलापाचे स्तोत्र निवडणारा आणि प्रार्थना संपल्यावर मुकादमाकडे मजुरीचा, अंगणवाडीत आहाराचा हिशेब विचारायला मंडळीला घेऊन जाणारा पाळक मला हवा आहे.