माझ्या एकट्याने काय होणार?



लहानपणी आंब्याच्या किंवा चिंचेच्या झाडावर चढला नाही असा आपल्यात क्वचितच कोणी असेल. खरचटलेले गुडघे आणि आईचा ओरडा सोडला, तर त्यात कुणाचे काही बिघडत नसे. मग मोठेपणी, केवळ हौस म्हणून, दूरच्या रानात जाऊन झाडावर चढण्यात वावगे ते काय?

अमेरिकेत हा रीतसर छंद आहे. १९८३ साली अटलांटा शहरात पीटर जेन्किन्स यांनी त्यासाठी संस्था सुरू केली. दोर, कमरपट्टा आणि हेल्मेट घेऊन माणसे झाडावर चढतात. खोडात खिळ्यांचे बूट रोवायचे नाहीत, दोराने साल सोलवटू द्यायची नाही, असे नियम ते पाळतात. म्हणजे झाडाबद्दल त्यांच्या मनात प्रेमच असते. पण प्रेम असले की पुरे होते का?

२००६ साली कॅलिफोर्नियाच्या रेडवूड राष्ट्रीय उद्यानात, पायवाटही नसलेल्या भागात, दोघा निसर्गप्रेमींना एक झाड आढळले. शास्त्रज्ञ स्टीव्ह सिलेट यांनी शेंड्यापर्यंत चढून ते मोजले. उंची ११५ मीटरहून अधिक! जगातील या सर्वांत उंच ज्ञात झाडाला ‘हायपेरियन’ नाव मिळाले. त्याची जागा गुप्त ठेवण्यात आली, पण बातमी फुटलीच. लोक झाडीतून वाट काढत येऊ लागले. बहुतेक जण वर चढलेही नाहीत. बुंध्याशी उभे राहून फोटो काढून परतले. तेवढ्यानेही भोवतालचे नेचे तुडवले गेले, कचरा साचला. रेडवूडची मुळे खोल जात नाहीत, त्यामुळे वरची माती दडपली तरी झाडाला इजा होते. अखेर २०२२ साली तो परिसर बंद झाला. तेथे जाणाऱ्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

काहींनी चढून पाहिले आणि इतरांना मात्र मनाई, हा कुठला न्याय? हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. मोजणारे चढले म्हणून आपल्याला त्या झाडाची थोरवी कळली, हे खरे. परंतु ते चढले म्हणून आपलाही तेथे हक्क झाला, असे होत नाही. आलेला प्रत्येक जण मनात म्हणाला असेल, ‘माझ्या एकट्याने काय होणार?’ त्यातला कोणीही दुष्ट नव्हता. तरीही नुकसान झाले, आणि ते सर्वांनी मिळून केले.

जक्कयही उंबरावर चढला होता. पण आपण त्याची आठवण काढतो ती खाली उतरल्यावर त्याने इतरांचे जे परत द्यायचे ठरवले त्यासाठी. सुट्टीत सहलीला निघताना आपणही स्वतःला विचारू या: आपल्या आनंदाची किंमत कोण मोजणार आहे? कधी कधी एखादी सुंदर गोष्ट न पाहता तशीच राहू देणे, हेही तिच्यावरचे प्रेमच असते.