न दिलेला होकार

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरवी मिरची विकणारा शेतकरी पट्टी हातात पडली की आधी कपात वाचतो. हमाली किती, तोलाई किती, कडता कशाबद्दल? खटकलं तर माल समोर असतानाच बोलतो. तोच माणूस पीककर्जाचं नवं-जुनं करायला बँकेत जातो, तेव्हा दाखवतील तिथं सह्या करतो. काय कापलं गेलं ते पासबुक भरून घेतल्यावर कळतं. तेही कुणी उलगडून सांगितलं तर.

हा त्याचा निष्काळजीपणा नव्हे. नियमच तसा रचला आहे. पंतप्रधान पीक विमा योजना 2016 च्या खरिपात आली तेव्हा कर्जदार शेतकऱ्याला सक्तीची होती. 2020 च्या खरिपापासून ती ऐच्छिक झाली. पण विमा नको असेल तर नोंदणीच्या शेवटच्या तारखेच्या किमान सात दिवस आधी कर्जदारानं तसं बँकेला लिहून द्यायचं. दिलं नाही, तर हप्ता खात्यातून वळता. खरिपाची मुदत साधारणपणे 31 जुलैची, म्हणजे कोळपणी-खुरपणीच्या ऐन गर्दीत नकाराचा कागद घेऊन बँक गाठायची. महाराष्ट्रात 2023 पासून एक रुपयात विमा होता, तोवर हे कुणाला टोचलं नाही. 2025 च्या खरिपापासून अन्नधान्य आणि गळीत पिकांना पुन्हा विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत हप्ता आला. 50,000 वर 1,000 रुपये. खताची एखादी खेप त्यात निघते.

विमा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पावसाच्या भरवशावर कापूस, मका, सोयाबीन घेणाऱ्याला तो हवाच. माझी तक्रार याहून गंभीर आहे. 2025 च्या खरिपापूर्वी राज्यात गारपिटीनं किंवा पाणी साचून पीक गेलं, तर 72 तासांच्या आत नुकसानीची सूचना द्यावी लागायची. आपला विमा उतरला आहे हेच ज्याला माहीत नव्हतं, तो सूचना देणार कशी? पैसे गेले आणि संरक्षणही हातात आलं नाही. खात्यातून दरवर्षी आपोआप कापल्या जाणाऱ्या जीवनज्योती विम्याच्या 436 रुपयांचंही तेच. खातेदार गेल्यावर घरच्यांना 2 लाख मिळायचे असतात, पण त्यांना त्याचा पत्ता नसेल तर दावा करणार कोण?

ऑनलाइन खरेदीत ग्राहकाला न विचारता बिलात वस्तू किंवा देणगी घुसडणं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत गैर ठरवलं. अशा 13 क्लृप्त्या त्यात नोंदल्या आहेत. मोबाइलवर तिकीट काढणाऱ्याच्या गप्प राहण्याला होकार मानायचा नाही, हे सरकारला पटलं. मग काउंटरपुढं रांगेत उभ्या असलेल्या कर्जदाराचं गप्प राहणं होकार कसं ठरतं? कर्जाची गरज असलेला माणूस तिथं तसाही मोकळेपणानं नाही म्हणू शकत नाही. कर्ज अडेल ही भीती मनात असतेच.

विम्याचा कागद कर्जाच्या गठ्ठ्यातून वेगळा काढावा. त्यावर पीक, हप्त्याची रक्कम आणि भरपाईसाठी कुठं विचारायचं, हे ठळक मराठीत असावं. हो आणि नको, दोन्ही चौकोन कोरे असावेत. शेतकऱ्यानं स्वतः हो वर खूण करून वेगळी सही केली, तरच खात्याला हात लावावा.